वणी ते सॅन फ्रान्सिस्को: मामाचं वेळापत्रक

तिकीट हातात आलं की आधी तारीख बघ, बाकी सगळं नंतर. अमेरिका-युरोपची बरीचशी विमानं मुंबईहून मध्यरात्र उलटल्यावर सुटतात. तिकिटावर छापलेलं असतं, १५ ऑगस्ट, ०१:३०. आपल्या डोक्यात बसते १५ ची रात्र. पण ती रात्र १४ ची असते, पोरी. १५ ला शाळेत झेंडावंदन बघून, घरी जेवून, सगळ्यांच्या पाया पडून निघालीस, तर तुझं विमान तोवर अर्ध्या वाटेवर गेलेलं असेल. म्हणून तिकिटाच्या पाठीवर पेनाने मोठ्या अक्षरात लिहून ठेव: वणी सोडायची १४ तारखेला, दुपारी चारला. घरातल्या कॅलेंडरवरही तेच लिही. सोडायला येणाऱ्यांना विमानाची वेळ सांगूच नकोस, वणीतून निघायची तेवढी सांग.

माझी सगळी नोकरी एसटीत गेली, तीही कंट्रोलरच्या खिडकीत. त्या खिडकीतून एक गोष्ट शिकलो. माणसं अंतर विचारतात, पण त्यांना हवी असते वेळ. वणीच्या स्टँडवर उतरलेल्या नव्या भाविकाला सप्तशृंगीचा गड समोर दिसतो, अगदी हाताशी आल्यासारखा. तो विचारतो, "किती लांब आहे हो?" डोळ्याला दिसतं ते अंतर खरंच थोडं आहे. पण गाडी जाते नांदुरीला वळसा घालून, मग घाट चढून. मी कधी किलोमीटर सांगितले नाहीत. "तासभर धरा" म्हणायचो. नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात आणि पुढे फक्त एसटी जाते, तेव्हा "अर्धा दिवस धरा" म्हणायचो. विमानाचंही असंच असतं, फक्त त्याचा वळसा हजार-दीड हजार किलोमीटरचा असतो आणि तो खिडकीतून दिसत नाही.

तू विचारत होतीस ना, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को किती? सरळ अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. आता हे "सरळ" म्हणजे काय ते नीट समजून घे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नकोस, त्यात फसगत होते. शाळेतला पृथ्वीगोल घे. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाब, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताण. दोरा अटलांटिकवरून जात नाही, पॅसिफिकवरूनही जात नाही. मुंबईहून तो जवळजवळ उत्तरेलाच निघतो. लडाख, चीनचा शिनजियांग, सायबेरिया असं करत पार आर्क्टिकवर चढतो, ७७ अंश अक्षांशाच्या जवळपास, आणि अलास्कावरून खाली उतरतो. म्हणजे सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या अंगाने आहे. जगातल्या कुठल्याही दोन गावांमधलं अंतर असंच दोऱ्याने मोजतात. आणि वणीहून कुठेही जायचं म्हटलं तरी हा दोरा वीस हजार किलोमीटरच्या वर जात नाही, कारण तेवढा झाला की आपण पृथ्वीच्या बरोबर पलीकडच्या बाजूला पोचलेलो असतो. आपल्यासाठी ती जागा दक्षिण पॅसिफिकच्या पाण्यात आहे. तिथे कुणाची मुलगी शिकायला जात नाही, तेव्हा तो हिशेब सोडून देऊ.

पण दोऱ्याच्या वाटेवरून विमान जाईलच असं नाही. काराकोरम-तिबेटच्या उंच डोंगरांवरून प्रवासी विमानं शक्यतो नेत नाहीत. आतल्या हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला झटकन दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू साधारण पंधरा मिनिटांपुरताच असतो. आता खालीच वीस हजार फुटांचे डोंगर असतील तर उतरणार कुठे? शिवाय देशोदेशींची भांडणं असतात. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपलं आकाश बंद ठेवलं होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतीय कंपन्यांसाठी ते पुन्हा बंद झालं, मात्र परदेशी कंपन्यांना मोकळं राहिलं. रशियाचं उलटं आहे. २०२२ पासून तिथे युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना मनाई आहे, पण एअर इंडियाला नाही. म्हणजे गाव तेच, विमानतळ तेच, पण कुठल्या कंपनीचं तिकीट काढलंस त्यावर तास बदलतात. तिकिटांच्या किमतींची तुलना करतेस तशी तासांचीही कर. दोन-तीन तासांचा फरक दिसला तर गोंधळू नकोस, तो बहुतेक वेळा असल्याच वळशाचा असतो.

आणि वारा. हे मात्र नीट ऐक, मला स्वतःला हेच सगळ्यात आवडतं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक पट्टा वाहत असतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याला जास्त जोर. विमान हवेत ताशी ९०० किलोमीटरने चाललंय असं समज. पाठीमागून शंभरचा वारा मिळाला तर जमिनीच्या हिशेबाने ते हजाराने जातं, समोरून आला तर आठशेनेच. चौदा-पंधरा तासांच्या प्रवासात हा फरक किती होतो, तूच काढ. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाची दिशाच फिरवली. आधी ते अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. मग ते पूर्वेला, पॅसिफिकवरून न्यायला लागले. अंतर वाढून १५,३०० च्या आसपास गेलं, पण वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाली, साडेचौदा तासांत विमान पोचलं. चौदाशे किलोमीटर जास्त आणि दोन तास कमी! आमच्या डेपोत कुणी असं वेळापत्रक लावलं असतं तर साहेबांनी त्याला आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं.

म्हणून सॅन फ्रान्सिस्कोसाठी "पश्चिमेने जाऊ की पूर्वेने" हा प्रश्न खराच आहे. न्यूयॉर्कला जाणाऱ्याला तो पडत नाही, त्याला पश्चिमच जवळची. तुझं ठिकाण जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडे. दुबईवरून गेलीस तर दोन टप्पे मिळून सुमारे १५,००० किलोमीटर, हाँगकाँगवरून १५,४००, लंडनवरून १५,८००. सगळं आसपासच आहे. तेव्हा किलोमीटर विसर आणि दोनच गोष्टी बघ: मधल्या विमानतळावर किती थांबायचं आहे, आणि तिथे पोचतेस त्या वेळी तुला झोप येणार आहे की नाही.

अंदाज काढायचा माझा हिशेब सोपा आहे. अंतराला ८०० ने भाग, अर्धा तास मिळव. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर, म्हणजे नऊ आणि अर्धा, साडेनऊ तास. मुंबई-सिंगापूर ३,९००, म्हणजे साडेपाचाच्या आत-बाहेर. मुंबई-न्यूयॉर्क १२,५००, सोळा तास. वेळापत्रकात छापलेल्या आकड्याच्या जवळपास येतं हे. विमान नऊशेने उडतं तर आठशेने का भागायचं? कारण छापील वेळ विमान गेटवरून मागे सरकल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची असते. त्यात रांगेत उभं राहणं, वर चढणं, खाली उतरणं, उतरायला जागा मिळेपर्यंत घिरट्या घालणं, सगळं आलं. पश्चिमेला जाताना थोडं वाढव, पूर्वेला येताना थोडं कमी कर. एवढं जमलं की कुणी एजंट "अकरा तासांत न्यूयॉर्क" म्हणाला तर त्याच्याकडून तिकीट घ्यायचं नाही, हे तुझं तुलाच कळेल.

तिकिटावरच्या वेळा वजा करून प्रवासाचे तास काढायचे नाहीत. सुटायची वेळ सुटणाऱ्या गावच्या घड्याळाची असते, पोचायची पोचणाऱ्या गावच्या. समज, डिसेंबरात मुंबईहून पहाटे दीडला निघालं आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी सातला पोचलं. कागदावर साडेपाच तास. पण न्यूयॉर्क तेव्हा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. ते मिळव, सोळा झाले. परत येताना तिकडून सकाळी साडेअकराला निघालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाबाराला मुंबईत. कागदावर पावणेपंचवीस तास, त्यातून साडेदहा वजा, राहिले सव्वाचौदा. जाताना सोळा, येताना सव्वाचौदा. मधला फरक वाऱ्याचा. हाँगकाँगवरून जाशील तर आणखी गंमत. दुपारी एकला निघून त्याच दिवशी सकाळी साडेनऊ-दहाला सॅन फ्रान्सिस्कोत उतरशील. वाटेत तारीख बदलण्याची रेषा ओलांडलेली असते. घरच्यांना हे आधीच समजावून ठेव, नाहीतर तुझी आजी म्हणेल, पोरगी निघायच्या आधीच पोचली कशी. पोचायच्या वेळेपुढे बारीक "+१" असला तर दुसरा दिवस. हा बारीक आकडा न बघता न्यायला येणारा माणूस एक दिवस आधीच विमानतळावर जाऊन उभा राहतो.

तिकडची घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात, हेही ध्यानात ठेव. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे. इंग्लंड-युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. विमान कंपन्यांचं जगभरचं वेळापत्रकही याच शेवटच्या दोन रविवारी बदलतं, उन्हाळी आणि हिवाळी. मे महिन्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरचं तिकीट काढलं असेल तर महिनाभर आधी पुन्हा वेळ तपासायची. दहा-वीस मिनिटं सरकलेली असतात, आणि मधल्या विमानाची गाठ कधीकधी तेवढ्यावरच असते.

थांब्याचं सांगतो. एजंट "डायरेक्ट" म्हणाला की विचार, वाटेत उतरतं का? डायरेक्ट विमान वाटेत थांबू शकतं, फक्त तुला बदलावं लागत नाही. विनाथांबा हवं असेल तर नॉन-स्टॉप मागायचं. तरी खात्री धरू नकोस. २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश बंद झालं तेव्हा एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्ना, कोपनहेगनला तेल भरायला उतरावं लागलं होतं. विमान बदलायचं असेल तर दोन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नकोस, तीन ते चार उत्तम. अबूधाबी किंवा डब्लिनवरून जाशील तर अमेरिकेची इमिग्रेशनची तपासणी तिथेच होते. म्हणजे तिकडे उतरल्यावर रांग नाही, पण थांबा थोडा जास्त हवा. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही तिकिटाआधी बघायचं.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा, यावर मात्र मी अडून बसेन. ओझरचा विमानतळ वणीहून तासाच्या आत आहे, टर्मिनल जानोरीच्या बाजूला. एके काळी तिथल्या कारखान्यात फक्त मिग बनायचे, आता आपण तिथून दिल्ली-हैदराबादला जाऊ शकतो. मोह होतो: ओझरहून दिल्ली, दिल्लीहून अमेरिका, कसारा घाट नको न् काही नको. दोन्ही एका तिकिटावर मिळत असेल तर जरूर जा. दोन वेगळी तिकिटं जोडून मात्र जाऊ नकोस. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं पडतं. पहिलं विमान चार तास लेट झालं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं, तुझं तिकीट वाया. जायचंच झालं तर आदल्या दिवशी दिल्ली गाठ आणि रात्र काढ. कुठूनही गेलीस तरी काउंटरवर बॅगेला चिठ्ठी लावतात, तिच्यावरची तीन अक्षरं वाचल्याशिवाय हलायचं नाही. सॅन फ्रान्सिस्को म्हणजे एसएफओ. तुझं कॉलेज सॅन होजेला, तिथलाही विमानतळ आहे, त्याचं एसजेसी. एसजेओ दिसलं तर ओरड, ते मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाचं सॅन होजे. हसू नकोस, ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालेली माणसं कॅनडातल्या सिडनीला उतरलेली आहेत. मुंबईचेही आता दोन विमानतळ झालेत: बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई, जिथून २०२५ च्या २५ डिसेंबरला विमानं सुरू झाली. बीओएम असलं तरी टर्मिनल एक की दोन ते बघ. दोघांची दारं शहराच्या दोन वेगळ्या रस्त्यांवर आहेत.

आता वणी ते सहार. अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडं वर, आणि या सगळ्या प्रवासातला सर्वांत बेभरवशाचा टप्पा हाच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो. पण आमणेला उतरलं की पुढे भिवंडी, माजिवडा, तेच. ऑगस्टात पाऊस, खड्डे आणि जोडून आलेल्या सुट्ट्या. चार तासांचा रस्ता असला तरी सहा धरायचे. विमानतळावर साडेतीन तास आधी, कारण काउंटर विमानाच्या साधारण तासभर आधी बंद होतं, आणि बंद म्हणजे बंद. एसटीत कंडक्टरला हात केला की घंटी मारतो, तसं तिथे कुणी मारत नाही. नवरात्रात कधी निघावं लागलं तर वणीतून बाहेर पडायलाच तासभर ठेव, गडाची गर्दी असते. सोडायला दोन गाड्या भरून माणसं न्यायची नाहीत. एक गाडी, एक ड्रायव्हर, तुझे आई-पप्पा, बस. बाकीच्यांनी घरूनच ओवाळावं.

मग सगळ्याची बेरीज कर: रस्ता सहा, विमानतळ साडेतीन, लंडनपर्यंत दहा, तिथे साडेतीन, पुढे अकरा, उतरल्यावर रांग आणि बॅगा दोन, खोलीवर पोचायला एक. सदतीस तास झाले. लोक तुला "एकवीस तासांचा प्रवास" सांगतील, ते फक्त हवेतलं.

या सदतीस तासांची सोय हातातल्या बॅगेत असली पाहिजे, विमानाच्या पोटातल्या सामानात नाही. ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला, मगदानला उतरवावं लागलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. त्या लहानशा गावात एवढ्या माणसांना हॉटेलं कुठून मिळणार? बऱ्याच जणांना शाळेच्या इमारतीत झोपावं लागलं. दुसरं विमान येऊन ते सॅन फ्रान्सिस्कोला पोचले ८ जूनला. असं क्वचितच होतं, पण तेव्हा औषधं, एक स्वेटर, एक जोड कपडे, चार्जर आणि कागदपत्रं ज्याच्या हातात होती, तो माणूस सुखी. पॉवर बँकही हातातच ठेवायची, खालच्या बॅगेत चालत नाही. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी घे, तीन दिवस टिकते. ताजी फळं अमेरिकेत नेऊ देत नाहीत, तेव्हा काय ती फळं इथेच खाऊन घे. आणि गडावरच्या प्रसादाचं सुकं खोबरं बॅगेत घालायला तुझी आई हट्ट करेल, तर तिला माझं नाव सांग. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून सुक्या खोबऱ्याला विमानात मनाई आहे. प्रसाद म्हणून साखरफुटाणे दे म्हणावं.

विमानात बसलीस की लगेच घड्याळ तिकडच्या वेळेवर लाव, आणि तिथे रात्र असेल तेव्हाच झोप, जेवणाचा ट्रे येवो न येवो. पाणी पीत राहा, दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या टोकापर्यंत चाल. पोचल्यावर पहिले तीन-चार दिवस दुपारी डोळे मिटायला लागतील. तेव्हा खोलीत बसायचं नाही, उन्हात चालायला जायचं.

घरी फोनचं तुला सोपं आहे. ऑगस्टात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. तुझ्या घड्याळात रात्रीचे नऊ वाजले की इथे दुसऱ्या दिवशीचे सकाळी साडेनऊ, चहा झालेला, सगळे घरात. नोव्हेंबरचा पहिला रविवार गेला की तोच नऊचा फोन इथे साडेदहाला येईल, आणि तोवर तुझी आई मळ्यात गेलेली असते, मोबाईल देवघराशेजारी चार्जिंगला लावून. तेव्हा त्या रविवारपासून फोन आठलाच करत जा.